अकरा घरांचं पाणी

"हात नका लावू, सायेब. पाण्याची उतरंड हाय ती, तुमच्या हापिसातली खुर्ची न्हवं."

हेगडेसाहेबांनी हात चटकन मागे घेतला. धारवाडच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलेला हा तिशीतला रसायनतज्ज्ञ सकाळपासून कुंभेवाडीच्या अकरा घरांतून पाण्याचे नमुने गोळा करत हिंडत होता. दहा घरांत त्याला ताक मिळालं होतं, अकराव्या घरात बोलणी मिळाली. अनुसया वेळीप बोलायला लागली की कलेक्टर असता तरी त्याला वहाणा उंबऱ्याबाहेर ठेवाव्या लागल्या असत्या, हेगडे तर नवखाच.

"हात नाही लावत, अक्का," तो म्हणाला. "पण या खालच्या मडक्यातलं पाणी थोडं द्याल का?"

"ते देते की. मागून घ्यावं, झालं."

तिने वाटीभर पाणी काढून दिलं. हेगड्याने अंगणात पेटी उघडली, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि दोन काचेच्या नळ्या ठेवल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत अनुसयेच्या मडक्यातलं. दोन्हींत आम्लाचे थेंब आणि चिमूटभर पांढरी पूड टाकून त्याने त्या उकळायला धरल्या. वाडीतली माणसं गोळा झाली. पाणी मुळात काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, त्यात आणखी काय बघायचं हे कुणालाच उमगत नव्हतं.

विहिरीच्या पाण्याची नळी आधी गुलाबी झाली, मग आणखी गडद, शेवटी थेट पिकल्या जांभळाच्या रसासारखी.

"हे तुमच्या वरच्या खाणीचं मँगनीज," हेगडे म्हणाला. "जितका रंग गडद, तितकं ते जास्त."

दुसरी नळी उकळत राहिली. रंग आलाच नाही. हेगड्याने ती उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. मग नवं पाणी घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदाही केलं. तेव्हा कुठे नळीच्या तळाशी, असला तर असेल, असा गुलाबी भास दिसला.

"अक्का, हे पाणी कुठलं?"

"त्याच विहिरीचं."

"खोटं बोलू नका."

असं म्हणायला नको होतं. अनुसयेने कमरेला पदर खोचला. "म्हादू," ती धाकट्या दिराला म्हणाली, "सायेबांच्या डोळ्यांम्होरं घागर भरून आण. आणि सायबानी हितंच बसावं, पाणी गळंपावतर उठायचं न्हाई."

हेगडे दोन तास बसला. गळलेलं पाणी त्याने तपासलं. यानंतर तो अनुसयेला खोटं बोलू नका असं आयुष्यात कधी म्हणाला नाही.

त्या दोन नळ्यांवर अकरा घरांचं नशीब टांगलेलं होतं. सात वर्षांपूर्वी वरच्या डोंगरावर मँगनीजची खाण सुरू झाली आणि निरुपयोगी मातीचे ढीग वाडीच्या अंगावर उतरत आले. तेव्हापासून धुतलेल्या धोतरांवर करडे डाग पडायचे, हंड्यांच्या आत काळी साय धरायची. अनुसयेचा नवरा लाडू सहा वर्षं खाणीत होता. आता तो चवड्यांवर, बोटभर बोटभर पावलं टाकत चालायचा, मागे ढकललं तर ओंडक्यासारखा पडायचा. त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. तो हसला की रागावला, हे फक्त अनुसयेला कळायचं. दांडेलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाणीची धूळ तर आहेच, शिवाय हे पाणी. त्यांचं पत्र वर गेलं आणि वरून उत्तर आलं की विहीर बुजवा, वाडी उचला, जोयड्याच्या रस्त्याकडेच्या माळावर नेऊन बसवा.

त्या माळावर पाणी नव्हतं, माती नव्हती. "दगडावर भात पिकत न्हाई आणि देव बी बसत न्हाई," असं म्हादू म्हणायचा, आणि त्यात काडीचं खोटं नव्हतं. पण सरकारला दगड दिसत नाहीत, नकाशा दिसतो.

"हे तुम्ही करता कसं?" हेगड्याने विचारलं. आता तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, तेव्हा अनुसयेने सांगितलं.

पटकीच्या साथीच्या वर्षी दवाखान्यातल्या कंपौंडरने तीन मडक्यांची उतरंड शिकवली होती. वरच्यात पाणी, मधल्यात वाळू आणि कोळसा, खालच्यात गाळलेलं. अनुसया तेव्हा दवाखान्यात पाणी भरायची. लाकडाचा कोळसा विकत मिळायचा, म्हणून तिने घरी भाताचं तूस वापरलं. मातीखाली दाबून, धूर कोंडून, मंद जाळलं की तुसाचा काळा कुरकुरीत कोळसा होतो. वाडीत दात घासायला सगळे तोच वापरतात. त्याने पाणी थोडं सुधारलं, पण डाग जाईनात.

मग दोन वर्षांपूर्वी एक गाढवपणा झाला. कपडे धुवायला ती राखेचं पाणी करायची. टोपलीत लाकडाची राख, वर पाणी, खाली भांडं. एकदा उळवीच्या जत्रेला जायच्या गडबडीत तिने टोपलीखाली भांड्याऐवजी तुसाच्या कोळशाची पाटी सरकवली. चार दिवसांनी परत येऊन बघते तर कोळसा राखेच्या पाण्यात भिजून बसलेला.

"टाकून द्यायचा, तर पाटीभर कोळसा टाकवंना. चिक्कूपणा हो माझा," ती म्हणाली. "सात पाण्यांनी धुतला, वाळवला आणि भरला मडक्यात. त्या दिसापासनं धोतराला डाग न्हाई."

हेगडे एकदम ताठ बसला. म्हादूच्या घरचा नुसता जाळलेला कोळसा आणि अनुसयेचा राखेत मुरवलेला, दोन्ही त्याने शेजारी शेजारी तपासले. नुसत्याने अर्धं मँगनीज अडवलं, मुरवलेल्याने जवळजवळ सगळं.

"राखेच्या क्षारानं कोळशाचं अंगच बदललंय," तो म्हणाला. "पाण्यातलं काळं आता त्याच्या अंगाला चिकटून बसतं. धारवाडात आम्ही हेच करायला बघतोय. परदेशी बाटल्या मागवून. दोन वर्षं झाली."

"बाटल्या कशाला? राख न्हाई व्हय धारवाडात?" अनुसया म्हणाली, आणि वाडी खो खो हसली. लाडूचा चेहरा हलला नाही, पण तो हसतोय हे तिला दिसलं.

हेगड्याने जाताना वचन दिलं. अकराही घरांनी ही उतरंड ठेवली आणि पाणी चांगलं निघालं, तर मृगाच्या आधी तो मोठ्या साहेबांना घेऊन येईल आणि वाडी राहू द्या म्हणून भांडेल. सरकारी माणसाचं वचन म्हणजे वळवाचा ढग, असं म्हादू म्हणाला. अनुसयेने त्याला तूस गोळा करायला लावलं.

पुढचे दोन महिने ती राणी होती. आयुष्यभर लोकांनी तिला लाडूची बायको आणि दवाखान्यातली पाणीवाली म्हणून ओळखलं. आता सकाळ उजाडली की "अनुसयाक्का, माझ्या कोळशाला किती दीस झालं?" "अनुसयाक्का, राख शिवणीच्या लाकडाची चालंल का?" असं सुरू व्हायचं. ती कुणाला शाबासकी द्यायची, कुणाचा कोळसा उपडा करून पुन्हा धुवायला लावायची. म्हादूने बाजारकुणंग गावापर्यंत पायपीट करून मडकी आणली, आणि रस्ताभर तोंडाने कुरकूर केली, पण एकही मडकं फोडलं नाही.

हेगड्याची पेटी तिच्याकडे नव्हती, पण तिच्याकडे चिंध्या होत्या. पांढऱ्या धोतराची पट्टी पाण्यात बुडवायची, तिच्यावर राखेचं पाणी शिंपडायचं आणि उन्हात टांगायची. पाणी शुद्ध असलं तर संध्याकाळी पट्टी पांढरी राहते, नसलं तर तपकिरी होते. प्रत्येक घराच्या पट्टीला त्याच्या क्रमांकाइतक्या गाठी, एकापासून अकरापर्यंत. विहिरीची पट्टी बिनगाठीची. अकरा पट्ट्या पांढऱ्या फडकताना बघून अनुसयेच्या छातीत काहीतरी भरून यायचं. अभिमानच तो. तिला दुसरा शब्द ठाऊक नव्हता आणि ती लपवतही नव्हती.

महिन्याने कोळसा जुना होतो, मग तो बदलावा लागतो. जुन्याचं काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. या डोंगरात राख आणि जळकं तूस कुणी फेकत नाही. राख फेकली तर लक्ष्मी उठून जाते. ते जायचं तरव्यात, म्हणजे भाताची रोपं उगवायच्या वाफ्यात. पालापाचोळा, शेण, राख घालून तरवा भाजायचा, बी फेकायचं, आणि लावणीची वेळ आली की तिथून रोपं उपटून शेतात न्यायची. अकरा घरांचे अकरा तरवे विहिरीच्या वरच्या उतारावर होते, शिंपायला जवळ म्हणून. "तरव्याला घाला, रोपं तरारतील," असं अनुसयेनेच घरोघर सांगितलं होतं. रोपं तरारलीही.

वळवाच्या दोन सरी झाल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिनगाठीची पट्टी उतरवताना तिचा हात थांबला. विहिरीची पट्टी नेहमी फिक्या चहासारखी व्हायची, ती आज काताच्या रंगाची झाली होती. घरांच्या पट्ट्या अजून पांढऱ्या होत्या. पण विहीर बिघडत होती.

वरच्या ढिगातून जास्त आलं असेल, असं तिला आधी वाटलं. दुसऱ्याला दोष द्यायला मिळाला की माणसाला बरं वाटतं. सकाळी तिने ढिगाखालच्या झऱ्यात एक पट्टी बुडवली, आणि जाता जाता, का कोण जाणे, तरव्यांखालच्या चरात साचलेल्या पाण्यात दुसरी. संध्याकाळी झऱ्याची पट्टी नेहमीसारखी निघाली. चराची पट्टी तव्याच्या बुडासारखी काळी होती.

अनुसया विहिरीच्या काठावर बसली. तिला शाळा नव्हती, पण हिशेब सरळ होता. विहिरीतलं काळं कोळशाने धरून ठेवलं. तो कोळसा तिने शेणात घातला आणि विहिरीच्या डोक्यावर पसरला. शेणाने आणि पावसाने त्याची पकड सोडवली, आणि सगळं पुन्हा विहिरीत. एका घराची राख होती तोवर ते दिसलं नाही. अकरा घरांची झाली, तेव्हा दिसलं. आणि अकरा घरांना शिकवलं कुणी, तर तिने.

तिने म्हादूला पट्टी दाखवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

"परवा सायेब येणार," तो हळू म्हणाला. "ते मडकी बघणार, वयनी. तरवं न्हाई."

"व्हय."

"मग तोंड गप ठेव. एकदा कागद झाला की बघू काय ते."

"आणि तवर पाऊस थांबणार हाय? तरव्यांची वरली माती काढाया पायजे."

"रोपं चार बोटं वर आल्यात!" म्हादूचा आवाज चढला. "वरली माती काढायची म्हंजी रोपं गेली. बी कुठलं आणायचं दुसऱ्यांदा? खायाचं भात पेरायचं? आणि तू सांगितलंस तर सायेब म्हणंल, हिचं औषधच वंगाळ. वाडी जाईल, वयनी. तुझ्या एका चिंधीपायी वाडी जाईल."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला लागलं. तिने पट्टीची घडी करून ती कमरेला खोचली.

सकाळी ती फावडं घेऊन आपल्या तरव्यात उतरली. हिरवी लुसलुशीत रोपं, हात फिरवला तर गुदगुल्या होतील अशी. पहिलं फावडं मारायला तिला वेळ लागला. मग ती थांबली नाही. मुळं, शेण, काळा कोळसा, सगळी वीतभर माती ती टोपलीत भरत गेली. ओढ्यापलीकडे चिकणमातीच्या कडक जमिनीत तिने छातीइतका खड्डा खणला, आतून चिकणमाती थापली. खालून पाणी झिरपू नये, वरून पाऊस जाऊ नये, म्हणून झाकायला सपाट चिरे आणून ठेवले.

दुपारी पाठीमागे पाऊल वाजलं. लाडू काठीवर तोल सांभाळत उतारावरून येत होता. घरापासून तरवा शंभर पावलं, त्याला अर्धा तास लागला असेल.

"कशाला आलासा? पडशीला."

"टोपली..." लाडूचे शब्दही आता पायांसारखेच चालायचे. "टोपली धरतो."

तो बांधाला टेकून उभा राहिला आणि तिने टोपली भरेपर्यंत थरथरत्या हातांनी तिचा काठ धरून ठेवला. खरं म्हणजे त्याने टोपली जास्तच हलायची. पण तिने ती सबंध दुपार त्याच्याच हातांत ठेवली.

बाकीच्या दहा घरांनी अंगणातून हे बघितलं. कुणी आलं नाही.

मोठे साहेब जीपने आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचे, बोलायला कमी. हेगड्याने अंगणात अकरा नळ्या ओळीने उभ्या केल्या. एकेक उकळत गेली आणि एकेक पाण्यासारखी स्वच्छच राहिली. अकरावी उतरली तेव्हा रुक्मा म्हातारीने टाळी वाजवली. हेगडे तर असा फुलला होता, जणू त्याच्याच घरचं लग्न. साहेबांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं.

"थांबा, सायेब," अनुसया म्हणाली.

म्हादूने डोळे मिटून घेतले.

"मडक्यांचं पाणी चांगलं हाय. विहिरीचं बिघडलंय. ते खाणीनं न्हाई बिघडवलं, मी बिघडवलं." तिने काळी पट्टी पुढे केली आणि सगळं सांगितलं. जुना कोळसा कुठे गेला, कुणाच्या सांगण्यावरून गेला, पावसाने काय केलं. एक शब्द गाळला नाही. "चराचं पाणी तपासून बघा."

हेगड्याने तपासलं. नळी इतकी जांभळी झाली की आरपार दिसेना.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "तुमचं औषधच विष झालं."

"न्हाई, सायेब. गाळणं खरं हाय. गाळल्यावर ते टाकायचं कुठं, ते मला कळलं न्हाई. ती चूक माझी. कोळशाच्या माथ्यावर घालू नका."

"ती चूक माझीही आहे, सर," हेगडे मध्येच म्हणाला. त्याची मान खाली होती. "माझ्या अहवालात वापरलेल्या कोळशाबद्दल एक ओळ नाही. मी पगारी रसायनतज्ज्ञ आहे. मला सुचायला हवं होतं."

साहेब उठले आणि विहिरीकडे चालू लागले. सगळे मागोमाग. विहिरीवर आल्यावर त्यांनी उताराकडे बघितलं. दहा तरवे हिरवेगार होते. मधला एक खरवडून काढलेला, नुसती तांबडी जमीन.

"हा कुणाचा?"

"माझा."

"कधी खणलात?"

"काल."

"कुणाच्या हुकमावरून?"

"हुकूम कसला? पट्टी काळी झाली, म्हणून."

तिने त्यांना ओढ्यापलीकडचा खड्डा दाखवला. साहेबांनी वाकून थापलेली चिकणमाती बोटाने दाबून बघितली, चिरा हलवून बघितला. परत आल्यावर ते जीपच्या टपावर कागद ठेवून बराच वेळ लिहीत राहिले. मग ते हेगड्याला वाचून दाखवू लागले, पण आवाज असा होता की वाडीला ऐकू जावा. खाणीचे ढीग मागे हटवण्यात यावेत. कुंभेवाडीची विहीर बुजवू नये. वाडी हलवू नये. पाण्याची राखण करणारी बाई वाडीत आहे.

अनुसयेने हे ऐकलं आणि तिला रडू आलं. पन्नास वर्षांत चारचौघांत ती रडली नव्हती, आज रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

जीपची धूळ खाली बसली. लोक तिथेच उभे होते. तरव्यांबद्दल साहेब काहीच बोलले नव्हते. खणा म्हणाले नव्हते, राहू द्या म्हणाले नव्हते. म्हादू कितीतरी वेळ आपल्या हिरव्या तरव्याकडे बघत राहिला. त्याचा तरवा यंदा वाडीत सगळ्यांत दाट होता. तो घरात गेला आणि फावडं घेऊन आला.

"वयनी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या खड्ड्यात जागा किती हाय?"

"अकरा घरांची हाय."

म्हादू आपल्या तरव्यात उतरला. त्याच्या मागून रुक्मा म्हातारीचे मुलगे उतरले, मग शेजारची काशी, मग बाकीचे. कुणी कुणाला हाक मारली नाही. फावड्यांचा आवाज तेवढा होत राहिला, आणि टोपल्या ओढ्यापलीकडे जाऊन रिकाम्या होऊन परत येत राहिल्या. बायकांनी घराघरातून खायचं भात सुपांत काढलं आणि पेरणीजोगतं निवडायला बसल्या. यंदा ताटात एक घास कमी पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दिवस मावळेपर्यंत उतारावर हिरवं असं काही उरलं नाही. अकराही तरवे सारखेच उघडे, सारखेच तांबडे. अनुसया बांधावर बसून त्या मोकळ्या मातीकडे बघत राहिली. तिला ती फार देखणी दिसत होती.